ट्रेलर संध्याकाळी लेव्हलला, सकाळी तिरका! काळ्या जमिनीत टेकू कसे द्यायचे?

तापीकाठ
राम राम मंडळी.

यंदा दसऱ्याला एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. सिंगल एक्सल, आत चार जण झोपतील एवढी जागा, चारही कोपऱ्यांना कातरी जॅक, पुढे नाकाला जॉकी व्हील (वर-खाली करता येणारं छोटं चाक). बोलेरोला जोडून नेतो. सध्या तो रावेर तालुक्यात, पालच्या रस्त्याला माझ्या शालकांच्या शेतात उभा आहे. केळीच्या बागेला लागून मोकळा तुकडा आहे, जमीन काळीभोर. पोरं खूश, दर शनिवारी तिकडेच मुक्काम.

अडचण अशी की संध्याकाळी मोबाइलचं लेव्हल ॲप लावून, चारही जॅक फिरवून गाडी अगदी शून्यावर आणतो. सकाळी उठावं तर डावा मागचा कोपरा दबलेला, दार वरच्या बाजूला चौकटीला घासतं, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. त्यात फ्रिज गॅसवरचा आहे, तोही नीट गार होत नाही. कोणी म्हणतं तिरक्यामुळे होतं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि तिथून पुढे तोरणमाळ असा बेत आहे. त्याआधी हे शिकून घ्यायचं आहे. जाणकारांनी सांगावं: कशाच्या खाली काय द्यायचं, आणि आधी काय, मग काय?

भुसावळ_जंक्शन
वाचतोय. धाग्याची वाट बघत होतो, आमच्याही डोक्यात ट्रेलर घोळतोय.

बामणोदकर
एकच प्रश्न. कातरी जॅकने गाडी उचलता का नुसता टेकू देता?

तापीकाठ
उचलतो की. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी तसंच दाखवलं होतं. जो कोपरा खाली तो जॅक फिरवायचा.

बामणोदकर
मग दार घासणारच. बाकीचं हायवेभाऊ सांगतील, ते आले की दोन पानं लिहितात.

हायवे_५३
बामणोदकर, दोन पानं नाही, दीड. :)

तापीकाठ, कोपऱ्याचे जॅक वजन उचलायला नसतात. माणूस आत चालला की गाडी डुलते, ते डुलणं थांबवायला असतात. वजन कायम दोन चाकांवर आणि पुढच्या नाकावर राहिलं पाहिजे. ओबडधोबड ओट्यावर खाट ठेवली की तीन पाय टेकतात, चौथा अधांतरी राहतो. त्या चौथ्याखाली वीट जास्त ठोकली की दुसराच पाय उचलतो आणि खाटेची चौकट पिळते. तुमची चासी तशीच पिळली जातेय. चासी पिळली की सगळ्यात आधी दाराची चौकट सांगते, कारण बॉडीतलं सगळ्यात मोठं भोक तेच.

आता क्रम.

गाडीला जोडलेला असतानाच आडवी लेव्हल बघायची, म्हणजे डावं चाक विरुद्ध उजवं चाक. जी बाजू खाली असेल त्या चाकापुढे फळ्या टाकायच्या आणि बोलेरोने हळूच पुढे ओढून चाक फळीवर चढवायचं. अख्खं टायर फळीवर बसलं पाहिजे. अर्धं टायर बाहेर लोंबत राहिलं तर आतल्या तारा दुखावतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. फळ्या एकावर एक टाकायच्या तर खालची लांब, वरची आखूड. सरळ मनोरा रचलात तर चाक चढताना वरची फळी सटकून मागे उडते. खाली जुन्या रबरी मॅटचा तुकडा टाका, सटकणं थांबतं.

आडवं जमलं की दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर. दगड नको, दगड गोल असतो, चाक त्याच्यावरून जातं. लाकडाची तासलेली पाचर हवी. हँडब्रेक असेल तर ओढा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आता, आणि आताच, हुक सोडायचा. मग उभी लेव्हल, ती फक्त जॉकी व्हील वर-खाली करून. ह्या वेळेला चारही जॅक वर असले पाहिजेत. बरेच जण मागचे जॅक आधी खाली सोडतात आणि मग नाक वर घेतात. सगळा भार त्या दोन जॅकांवर येतो, स्क्रू वाकतो.

शेवटी चारही जॅक खाली. जमिनीवरच्या फळीला टेकले की अर्धा फेरा जास्त. आणखी नाही. निघताना सगळं उलट: आधी जॅक वर, मग हुक लावून सेफ्टी चेन, सगळ्यात शेवटी पाचर काढायची.

ढोल्या_रावेर
हायवेभाऊ दीड म्हणाले होते, मोजा. :ड

चोपडेकर_काका
पाचरीचं आधी आणि हुकाचं नंतर, हे पोरांनो पाटीवर लिहून ठेवा. आमच्या गावात एकाने कापसाची भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरपासून सोडली. दगड लावला होता म्हणे. ट्रॉली गेली थेट पाटात. माणूस बाजूला होता म्हणून वाचला.

मिस्त्री_धरणगाव
सगळं बरोबर, पण मोबाइलच्या ॲपवर माझा भरोसा नाही. फोनच्या पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, तो ठेवला की फोनच तिरका. वर तुम्ही तो कुठे ठेवता? ओट्यावर? ओटा बसवणाऱ्याने लेव्हलला बसवला होता हे कोणी सांगितलं?

आमच्याकडे साधी पाणसळ आणि लेव्हलची नळी. पारदर्शक नळी घ्या, आठ-दहा मीटर. एक टोक बादलीत, दुसऱ्याने ओढून पाणी भरा. पाण्यात निळीचे दोन थेंब टाका म्हणजे उन्हातही रेषा दिसते. मग अख्खी नळी हातातून सरकवत बुडबुडे बघा. एक बारका बुडबुडा मध्ये राहिला तरी लेव्हल खोटी येते. नळीला टिचक्या मारत गेलं की तो वर सरकतो. दोन्ही टोकं शेजारी धरा, पाणी एका रेषेत आलं की नळी खरी.

आता एक टोक डाव्या चाकाच्या वर बॉडीच्या खालच्या कडेशी, दुसरं उजव्या चाकाच्या वर त्याच कडेशी. समजा डावीकडे पाणी कडेच्या ४ सेंमी वर आलं आणि उजवीकडे कडेच्या ३ सेंमी खाली राहिलं. म्हणजे डावी बाजू ७ सेंमी खाली. डाव्या चाकाखाली ७ सेंमी फळी. अंश नको, ॲप नको. एकदा अशी गाडी सरळ केली की मग आत फ्रिजजवळच्या फरशीवर आणि बाहेर नाकावर छोट्या बुडबुड्याच्या लेव्हल चिकटवून टाका. पुढच्या वेळेला नळी काढायची गरज नाही.

सातपुडा_पायी
मिस्त्रीकाकांनी सांगितलेले ७ सेंमी अंशात हवे असतील त्यांच्यासाठी: दोन चाकांमधलं अंतर १.८ मीटर धरलं तर १ अंशाला साधारण ३.१ सेंमी पडतात. ७ सेंमी म्हणजे सव्वादोन अंश. ॲपवाल्यांनी गुणाकार करून घ्यावा.

मिस्त्री_धरणगाव
बघा, माझी नळी गणित न करता तेच सांगते.

अहिराणी_मानूस
भो, लेव्हल कितीबी करा, काळी मातीना भरोसा नही शे. पानी पडनं का फुगस, ऊन तापनं का तडकस. गाडी सरळच व्हती, खालनी जमीन हालनी.

लेवाची_लेक
अहिराणी भाऊंनी एका ओळीत सांगितलं ते मी जरा पसरून सांगते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात असताना हीच माती चाळली आहे.

आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या ह्याचमुळे. वैशाखात काही भेगांमध्ये अख्खा हात जातो. ओली झाली की तिची वजन पेलायची ताकद एकदम उतरते, वरून मात्र ती सुकलेली दिसू शकते. पापुद्रा कोरडा, खाली लोणी.

आता तुमच्या जॅकचा पाय बघा. अंदाजे ८ बाय १२ सेंमीचा पत्रा असेल. त्याच्यावर तुम्ही १०० किलो टाकलेत तर दर चौरस सेंमीला एक किलोच्या वर दाब येतो. त्याच जॅकखाली ३० बाय ३० सेंमीची जाड फळी दिलीत तर तोच दाब नवव्या हिश्श्यावर येतो. फळी बारीक नको, ती मध्ये वाकते आणि मग पसरटपणाचा उपयोग शून्य. जॉकी व्हीलखालीही फळी हवी, ते चाक बारकं असतं म्हणून सगळ्यात आधी तेच रुततं.

आणि तापीकाठ दादा, डावा मागचा कोपरा केळीच्या बाजूला आहे का? शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती का, म्हणजे बागेला पाणी रात्री सुटत होतं का?

तापीकाठ
ताई, डावा मागचा कोपराच केळीकडे आहे! ठिबक आहे बागेला. लाईट कधीची होती ते शालकांना विचारतो.

ढोल्या_रावेर
सीआयडी. दया, ठिबक तोड दे.

पाणीवाला_यावल
ठिबक असलं तरी कडेच्या नळीचं टोक उघडं राहिलं किंवा उंदराने कुरतडलं की रात्रभर एकाच जागी पाणी. आमच्याकडे सर्रास होतं. सकाळी वरून काही दिसत नाही, काडी खुपसली की कळतं.

गारवा_सर्व्हिस
फ्रिजचं बोलतो, तो माझा धंदा आहे.

गॅसवरच्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो, फिरणारा एकही भाग नसतो. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली ज्योत पेटते, अमोनिया वाफ होऊन वर जातो, थंड होऊन द्रव होतो आणि उताराने परत खाली येतो. सगळा खेळ उताराचा. फ्रिज तिरका झाला की द्रव भलत्याच वळणावर साचतो, खालचं भांडं कोरडं पडून तापतं. फार दिवस असं चाललं तर गंज धरू नये म्हणून घातलेलं रसायन जळून नळीत बसतं आणि मग फ्रिज कायमचा गेला. दुरुस्ती नाही, अख्खं युनिट बदलायचं. बऱ्याच मॅन्युअलांत आडवा ३ अंश आणि उभा ६ अंश एवढी सूट दिलेली असते. चालत्या गाडीत चिंता नाही, हलण्याने द्रव पुढे सरकत राहतो. उभ्या गाडीत चिंता.

पण तुमचा कोपरा दबला तरी तीन अंशाच्या वर गेला असेल असं वाटत नाही. तेव्हा फक्त तिरक्यावर खापर फोडू नका. बाहेरच्या बाजूला खाली जाळी आहे, ती काढून आत काय आहे ते बघा. गाडी बरेच दिवस उभी होती का?

सुटसुटीत
एवढं सगळं करण्यापेक्षा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज लावा. तो तिरका असला तरी चालतो. छपरावर सोलर. विषय संपला.

गारवा_सर्व्हिस
@सुटसुटीत, तोही चांगलाच, मी दोन्ही बसवतो. पण त्याला बॅटरी मोठी लागते आणि मे महिन्यात भुसावळच्या उन्हात तो क्वचितच बंद होतो. ४५ अंशात गॅसवरचाही धापा टाकतो म्हणा. आणि फ्रिज बदलला म्हणून झोप सरळ होत नाही, लेव्हल लागतेच.

बामणोदकर
फळ्यांसाठी एक सुचवतो. भंगारवाल्यांकडे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळतात. कापून घेतले की पिढ्यान्‌पिढ्या टिकतील.

भुसावळ_जंक्शन
मिळतात खरे, पण उचलून बघा आधी. एकेक तुकडा एवढा जड की ट्रेलरच्या आधी तुमची कंबर लेव्हलला येईल. आणि जुन्याला क्रिओसोटचा, म्हणजे लाकूड टिकवायला लावलेल्या डांबरी तेलाचा, वास असतो, पोरांच्या बिछान्याखाली ठेवू नका. १८ मिमीचा मरीन प्लाय दोन-तीन थर चिकटवून घेतला तरी काम भागतं.

देवगिरी_बाबू
कशाला फळ्या आणि प्लाय. वरच्या चाकाखाली कुदळ मारा, सात सेंमी चर काढा, चाक खाली बसवा. आमच्या शेतावर कायम असंच. फुकटात लेव्हल, शिवाय चाक खड्ड्यात असल्यामुळे गाडी हलत नाही.

हायवे_५३
बाबूभाऊ, कोरड्या मुरमात ठीक. काळ्या मातीत चर काढलात म्हणजे पाणी साचायला जागा करून दिलीत. एक अवकाळी सर आली की चाक त्या खड्ड्यातून बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवा.

देवगिरी_बाबू
आभाळ बघून माणूस शेतात जातो ना? आणि शेतात ट्रॅक्टर असतोच.

चोपडेकर_काका
दोघांचंही बरोबर असेल, पण जंगलखात्याच्या हद्दीत कुदळ काढू नका. पाल, मनुदेवी, पाटणादेवी ही सगळी अभयारण्याची जागा. मुक्कामालासुद्धा आधी विचारावं लागतं, खोदायचं तर दूरच.

अंजनीताई
माझा मुद्दा जरा वेगळा. गाडी तिरकी असताना स्वयंपाक केलाय कोणी? परवा भरीत फोडणीला टाकलं तर तेल सगळं एका कडेला आणि जिरं दुसऱ्या कडेला कोरडं करपत बसलं. आमचे हे म्हणतात अर्धा अंश चालतो. चालतो तर त्यांनीच फोडणी द्यावी.

ढोल्या_रावेर
ताई, भरीत ट्रेलरच्या आत? अहो शेतात बसून पऱ्हाट्यांवर, कापसाच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजायची सोडून! बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, हिरवी मिरची... आता भूक लागली राव.

बामणोदकर
बामणोदचं नाव निघालं म्हणून आलो. वांगी आम्ही देऊ.

अंजनीताई
भाजलं बाहेरच होतं हो, फोडणी आत होती. वारा होता म्हणून.

गारवा_सर्व्हिस
बाहेर पऱ्हाट्या पेटवताना फ्रिजच्या आणि सिलेंडरच्या बाजूला नको, वारा जिकडे जातो तिकडे ट्रेलर नको. ठिणग्या जाळीतून आत जातात. भरीत पार्टीच्या हंगामात सांगून ठेवलेलं बरं.

पवनचक्की_साक्री
वाऱ्यावरून आठवलं. आमचा भाग ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांच्या बाजूचा. तिथे पंखे उभे केले ते उगाच नाही, जून ते ऑगस्ट वारा माणसाला उभं राहू देत नाही.

अशा जागी ट्रेलर वाऱ्याला आडवा लावला की रात्रभर डुलतो, जॅक कितीही घट्ट करा. नाक वाऱ्याकडे करून लावा. पावसाळ्यात म्हणजे पश्चिमेला, नैर्ऋत्येला. बाजूचा कापडी मांडव रात्री गुंडाळून ठेवा, तो शिडाचं काम करतो आणि एका बाजूचे जॅक अक्षरशः उचलून धरतो. ट्रेलरच्या टाकीत पाणीही भरून ठेवा. टाकी एक्सलच्या जवळ असेल तर भरलेली टाकी गाडी जमिनीला धरून ठेवते. टाकी पुढे किंवा मागे असेल तर लेव्हल करायच्या आधीच भरा, नाहीतर भरल्यावर परत सगळं करायचं.

सातपुडा_पायी
टाकीचा मुद्दा झकास. कोणाच्या लक्षात येत नाही.

नाशिककर_पाहुणा
जाता जाता, महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. पक्क्या जागा, पाण्याचं कनेक्शन, लाईटचं कनेक्शन. तशी पार्क गावोगाव झाली तर ही फळ्यांची कटकटच नको ना?

हायवे_५३
पक्की जागा म्हणजे सपाट जागा असं नसतं हो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून काँक्रीटलाही मुद्दाम ढाळ देतात. ढाब्याच्या पार्किंगमध्ये उभं राहून बघा. फळ्या घेऊनच फिरायचं.

सुटसुटीत
किंवा टेंट घ्या. (हलके घ्या.)

तापीकाठ
मंडळी, शनिवारी जाऊन आलो. सगळ्यांनी सांगितलेलं करून बघितलं, सांगतो.

लाईट त्या आठवड्यात रात्रीचीच होती. पाणीवाल्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे कडेला काडी खुपसत गेलो. बागेपासून तीन पावलं वर काडी कडक अडत होती. डाव्या मागच्या जॅकजवळ मात्र मुठीपर्यंत आत गेली आणि बाहेर आली ती चकचकीत ओली. ठिबकची शेवटची नळी दुमडून बांधलेली असते, ती तार सुटलेली होती. शालकांना दाखवलं. ते म्हणाले, अरे मग आमची केळी उगाच का वाढत होती तिकडे.

चारही जॅक सोडले. ज्या क्षणी डावा मागचा सुटला त्या क्षणी दार खटकन आपोआप लागलं. बायको आत होती, ती घाबरून बाहेर आली. म्हणजे चासी पिळलीच होती, आणि सरळही झाली. आता ट्रेलर बागेपासून लांब, बांधाच्या वरच्या अंगाला मुरूम टाकलेल्या पट्टीवर लावलाय. मिस्त्रीकाकांची नळी भरायला मला आणि पोराला सकाळचा अर्धा वेळ गेला, बुडबुडा निघता निघेना. पण एकदा निघाल्यावर फरक लगेच कळला. उजवीकडे ५ सेंमी फळी लागली. जॅकखाली प्लायचे चौकोन. रात्र गेली, सकाळी बुडबुडा जागेवर.

आता फ्रिज. लेव्हल असूनही फ्रिज कोमटच!

गारवा_सर्व्हिस
जाळी काढली का?

तापीकाठ
काढली. आत बर्नरच्या नळीच्या तोंडाशी मातीचं एक बोटभर घर. कुंभारीण माशीचं. ज्योत पिवळी आणि एका बाजूला झुकलेली दिसत होती.

गारवा_सर्व्हिस
तेच वाटलं होतं. उभ्या गाडीत कुंभारीण आणि कोळी ह्या दोघांना ती जागा फार आवडते. गॅस बंद, सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, सगळं गार झाल्यावर मऊ ब्रशने माती काढा. गॅस जिथून सुटतो त्या जेटचं बारीक भोक तारेने खुपसू नका, भोक मोठं झालं की ज्योत बिघडते आणि ते धोक्याचं. हवेच्या झोताने साफ होतं. नंतर साबणाचं पाणी लावून जोड तपासा. जमत नसेल तर जवळच्या माणसाकडून करून घ्या, गॅस आहे. ज्योत निळी आणि सरळ आली की रात्रभर चालवून सकाळी बघा, ह्या फ्रिजला गार व्हायला तासन्‌तास लागतात.

ढोल्या_रावेर
म्हणजे एवढा धागा झाला, दोन पानं हायवेभाऊंची, आणि फ्रिजचा आरोपी माशी!

लेवाची_लेक
दाराचा आरोपी मात्र ठिबक होता हे नोंदवून घ्यावं.

देवगिरी_बाबू
आणि मुरमावर गेलात ना शेवटी? मुरमात चर काढला असता तर फळीही लागली नसती.

हायवे_५३
बाबूभाऊ, तुम्ही सोडणार नाही. :)

तापीकाठ
आता सारंगखेड्याचं सांगा कोणीतरी. यात्रेत ट्रेलर नेलाय का? नदीकाठी लावावा असं मनात आहे.

अहिराणी_मानूस
नदीकाठे नको भो. घोडा बाजारनी गर्दी एक, आनि माती दुसरी.

शहाद्याची_सून
माहेर धुळं, सासर शहादं, यात्रा दरवर्षीची. सारंगखेड्याला तापीवर बॅरेज आहे, प्रकाशाला दुसरं. पावसाळ्यानंतर त्यात पाणी अडवतात, त्यामुळे काठची माती दत्तजयंतीपर्यंत आतून ओलीच असते. वरून टणक दिसते, दोन-चार टेम्पो गेले की चाकोरी पडते. शिवाय तिथला गाळाचा थर खोल, खाली खडक लवकर लागत नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाला एखादं कापणी झालेलं शेत बघा, मालकाला विचारून लावा. बागायत शेजारी नको, ते तुम्हाला आता सांगायला नको.

घोडे बांधतात त्या बाजूलाही नको. रात्री एखादा घोडा सुटला तर खुंटीचा दोर तुमच्या जॅकमध्ये अडकायचा. आणि जॅकच्या दांड्यांना लाल कापड बांधा, अंधारात माणसं अडखळतात. यात्रेत पोरं पळतच असतात.

तोरणमाळला उलट. हजार मीटरच्या वरचं पठार, वर मातीचा पातळ थर आणि खाली काळा खडक. रुतायची भीती नाही, पण सपाट तुकडा शोधावा लागतो आणि मांडवाच्या खुंट्या आत जात नाहीत. खुंटीऐवजी पाण्याचे कॅन भरून दोर त्यांना बांधा. पाचरी चार नाही, सहा न्या. यशवंत तलावाच्या बाजूला उतार डोळ्यांना दिसत नाही, चाकाला दिसतो.

चोपडेकर_काका
घाटात ट्रेलर घेऊन जाताय तर चढायच्या आधी शहाद्यात टायरची हवा आणि व्हील बेअरिंगचं ग्रीस बघून घ्या. उतरताना लो गिअर. त्यावर वेगळा धागा काढा, इथे गर्दी झाली.

तापीकाठ
काढतो काका. ताई, सहा पाचरींचं लक्षात ठेवलंय, सुताराकडे टाकल्या आहेत. बाभळीच्या करतोय.

मिस्त्री_धरणगाव
बाभूळ उत्तम. उतरती बाजू टायरच्या गोलाईप्रमाणे थोडी खोलगट तासायला सांगा, सपाट पाचर ओल्या गवतावर सरकते. आणि प्रत्येकीला एक भोक पाडून दोरी ओवून ठेवा, गाडीखाली वाकून हात घालायचा नाही.

भुसावळ_जंक्शन
दोरीचं माहीत नव्हतं. काका, नळी किती जाडीची घ्यायची?

मिस्त्री_धरणगाव
आतून ८ ते १० मिमी. बारीक घेतलीत तर बुडबुडा अडकून बसतो, तापीकाठभाऊंना विचारा.

तापीकाठ
माझी ५ ची होती. :(